चुना, माती, जांभा: महाराष्ट्रातील बांधकामाची परंपरा आणि तिचे पुनरुज्जीवन

महाराष्ट्रात घर कशाचे बांधायचे हे शतकानुशतके इथल्या जमिनीने आणि पावसाने ठरवले. राज्याचा बहुतेक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांत थिजलेल्या लाव्ह्याचा, म्हणजेच काळ्या पाषाणाचा आहे. हा पाषाण झिजून झालेली काळी माती पिकाला उत्तम, पण भिंतीला निरुपयोगी. पावसात ती फुगते, उन्हात तिला भेगा पडतात आणि तिच्यावर किंवा तिच्याने बांधलेले काही टिकत नाही. म्हणून घरांसाठी पांढरी माती वापरली जाई. गावगाड्याच्या जुन्या व्यवहारात शेतजमिनीला ‘काळी’ आणि वस्तीच्या जागेला ‘पांढरी’ म्हणत, त्यामागे हाच अनुभव होता. पांढरीवरची घरे पडत, त्यांची माती तिथेच जिरत असे आणि पुढची पिढी तीच माती भिजवून पुन्हा भिंत उभी करी.

सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात आणि गोव्यात चित्र वेगळे आहे. तिथे वर्षाला अडीच ते तीन हजार मिलिमीटर, कुठे कुठे त्याहूनही अधिक पाऊस पडतो आणि त्या पावसाने शिजलेल्या भूमीत जांभा दगड तयार होतो. खाणीतून काढताना जांभा इतका मऊ असतो की त्याचे चिरे हत्याराने सरळ कापता येतात, पण हवा लागली की तो हळूहळू कठीण होत जातो. केरळमधील अंगाडिपुरम येथे या दगडाचे निरीक्षण करणाऱ्या फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याला ‘लॅटराइट’ हे नाव दिले. कोकणातील गवंड्यांना त्याचा गुण त्याआधी कित्येक शतके ठाऊक होता.

चुन्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात चुनखडकाच्या खाणी नाहीत. मोठे साठे आहेत ते पूर्वेच्या टोकाला, यवतमाळ आणि चंद्रपूर भागात. बाकी दख्खनमध्ये चुना मिळे तो ओढ्यानदीच्या काठी आणि मातीच्या थरांत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांतून, म्हणजे कंकरातून. किनारपट्टीवर तो शिंपल्यांपासून काढत. या दोन्हींत मोठा फरक होता. शिंपल्यांचा चुना जवळजवळ शुद्ध, पांढराशुभ्र असे आणि हवेच्या संपर्कात सावकाश आळे. कंकरात चिकणमातीचा अंश असल्याने त्याचा चुना ओल्या जागीही घट्ट होई. पाण्याची टाकी, बांध, तटाचा पाया अशा ठिकाणी हा गुण मोलाचा ठरला. कच्च्या मालातील अशुद्धता दख्खनच्या गवंड्याला अशी उपयोगी पडली.

मातीच्या भिंतीपासून हेमाडपंतीपर्यंत

मातीच्या घरांचा या भूमीतील सर्वांत सविस्तर पुरावा पुणे जिल्ह्यातील इनामगावला मिळतो. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक हंगाम केले. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळात इथे वस्ती होती. सुरुवातीच्या काळातील घरे आयताकृती, बुटक्या मातीच्या भिंतींची आणि गवताने शाकारलेली होती; उत्तरकाळात, दिवस हलाखीचे झाल्यावर, त्यांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. कूड उभारायचा, त्यावर माती थापायची आणि ती शेणाने सारवायची ही पद्धत त्यानंतर तीन हजार वर्षे टिकली. सह्याद्रीच्या कुशीतील ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांत कारवीच्या काठ्यांचे कूड आजही दिसतात. वारली घरांची चित्रेसुद्धा याच सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर काढली गेली.

सातवाहन काळात पैठण, तेर, भोकरदन अशा नगरांत भाजक्या विटांचे बांधकाम रुळले होते. तेर येथील त्रिविक्रम मंदिर हे त्या विटकामाचे जुने उदाहरण असून, त्याचा मागचा गोलाकार भाग पाहता ते मुळात बौद्ध चैत्यगृह असावे असे अभ्यासक मानतात. त्याच सुमाराला लेण्यांमध्ये मातीच्या गिलाव्याची कला पराकोटीला पोहोचू लागली. अजिंठ्याची चित्रे थेट दगडावर रंगवलेली नाहीत. खडबडीत ठेवलेल्या पाषाणावर माती, भाताचे तूस आणि वनस्पतींचे तंतू एकत्र मळून केलेला थर दिला आहे, त्यावर चुन्याचा अगदी पातळ हात आहे आणि मग रंग. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आढळल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले गेले. तंतूंमुळे गिलावा तडकत नाही, ओल शोषून पुन्हा सोडतो. साधी माती दीड हजार वर्षे चित्रे सांभाळून धरते, ती अशा मिश्रणाच्या बळावर.

देवळांची वाट निराळी होती. १०६० चे अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर आणि सिन्नरचे गोंदेश्वर ही दगडावर दगड चपखल बसवून, खाचा आणि खुंट्यांच्या आधारे उभी केलेली मंदिरे आहेत. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावावरून अशा बांधणीला पुढे ‘हेमाडपंती’ म्हणू लागले, जरी ती त्याच्याही आधीपासून चालत आली होती. या बांधणीत चुना सांध्यात नसे. भार पेलण्याचे सगळे काम दगडाचे वजन आणि पाथरवटाची अचूक घडाई यांवर सोपवलेले असे.

चुनेगच्ची बांधकामाचा काळ

१४ व्या शतकापासून बहमनी आणि पुढे निजामशाही, आदिलशाही राजवटींनी कमान आणि घुमट मोठ्या प्रमाणावर आणले. घुमटाचे लहान-मोठे दगड आणि विटा एकजीव करायच्या तर चुन्याशिवाय गत्यंतर नव्हते. अहमदनगरचा फराहबाग आणि सलाबतखानाची कबर ही १६ व्या शतकाच्या उत्तरार्धातील बांधकामे या तंत्राची साक्ष देतात. औरंगाबादेत १६६० च्या सुमारास पूर्ण झालेल्या बीबी का मकबऱ्यात संगमरवराचा वापर मोजक्या भागांपुरता आहे. बाकी देखावा उत्तम घोटलेल्या चुन्याच्या गिलाव्याचा असून, आतल्या पाषाणाची कल्पनाही येऊ नये इतकी त्याची सफाई आहे.

शिवकाळात हेच तंत्र डोंगरमाथ्यावर गेले. रायगडाच्या उभारणीशी हिरोजी इंदुलकरांचे नाव जोडलेले आहे. सिंधुदुर्गाचे काम १६६४ मध्ये सुरू झाले. समुद्रात पाया घालताना चिरे बसवण्यासाठी शिसे ओतल्याचे परंपरेने सांगितले जाते. गडावर दगड तिथल्या तिथे निघे, टाके खोदतानाच तटाचे साहित्य हाती येई. पण चुना मात्र तयार करूनच घ्यावा लागे. त्यासाठी घाणी बांधलेली असे आणि लोहगडासारख्या अनेक किल्ल्यांवर ती आजही पाहता येते.

घाणी म्हणजे जमिनीत दगडांनी बांधलेला गोल चर. मधोमध खुंट रोवलेला, खुंटाला आडवे लाकूड जोडलेले आणि त्या लाकडावर चरात उभे फिरणारे जड दगडी चाक. लाकडाच्या दुसऱ्या टोकाला बैल किंवा रेडा जुंपत. चुना आधी भट्टीत भाजलेला असे. चुनखडीचे खडे आणि कोळसा किंवा लाकूड यांचे आलटून पालटून थर रचत आणि भट्टी कित्येक दिवस धुमसत ठेवत. सुमारे ९०० अंश तापमानाला चुनखडीतील कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हाती येतो तो कळीचा चुना. त्यावर पाणी पडले की तो खदखदून उकळतो आणि फुटून पीठ होतो. असा विरवलेला चुना पाण्याखाली हौदात मुरत ठेवत; जितका जास्त मुरेल तितका तो लोण्यासारखा मऊ होई. मुरलेला चुना, त्याच्या दीडपट-दुप्पट वाळू आणि विटांचा चुरा म्हणजे सुरखी घाणीत घालत. चाक तासन्‌तास फिरे. दगडाच्या वजनाने वाळूचा कण अन् कण चुन्यात माखून निघे आणि मिश्रण करणीला चिकटेल इतके चिवट होई. कामानुसार त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर, हिरड्याचा अर्क, उडदाचे पीठ किंवा तागाचे तंतू मिसळत. गुळाने चुना कामाजोगा राहतो आणि सावकाश आळतो. बेलाच्या चिकाने तो पाण्याला अटकाव करतो. ताग भेगा पडू देत नाही.

या कामाभोवती कारागिरांची साखळी उभी होती. चुना आणि कोळसा भाजण्याचे काम लोणारी समाजाकडे परंपरेने होते. दगड काढणारे वडार, तो घडवणारे पाथरवट, विटा आणि नळीची कौले भाजणारे कुंभार, लाकूडकाम करणारे सुतार, भिंत उचलणारे गवंडी आणि बेलदार या प्रत्येकाचे ज्ञान पुढच्याच्या हाताला जोडलेले होते. भट्टी कच्ची राहिली तर गवंड्याचे कौशल्य वाया जाई.

साहित्याच्या मर्यादेचे भानही त्या काळी होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त १८ व्या शतकाच्या आरंभी आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट सूचना आहेत. सागवानासारखे लाकूड राज्याच्या अरण्यातून परवानगीने तोडावे. रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, आणि एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असा त्यांचा आशय आहे. बांधकामाच्या साहित्याचा विचार रयतेच्या हक्कांसह करणारा हा मराठीतील महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

वाडा, माळवद आणि कौलारू घर

पेशवाईत या सर्व साहित्याचा मेळ वाड्यात बसला. पुण्याच्या शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० रोजी आणि वास्तुशांती २२ जानेवारी १७३२ रोजी झाली. खर्च आला १६,११० रुपये. पुढे त्यात पुष्कळ भर पडली. १८२८ च्या आगीत लाकडी मजले जळाले, पण दगडी जोती आणि चुन्यातील तट उरले. कोणता भाग कशासाठी, हे त्या अवशेषांवरून आजही समजते. साध्या वाड्यातही जोते घडीव काळ्या दगडाचे असे, कारण जमिनीची ओल तिथेच अडवायची असते. त्यावर चपट्या विटांची भिंत, तिचे आतले बांधकाम बहुधा मातीत, बाहेरून चुन्याचा गिलावा. भार पेलायला सागवानी खांब आणि तुळया. मधला चौक उजेड आणि वारा आत घेई. ओसरी, सोपा, माजघर अशी उघड्यावरून आडोशाकडे जाणारी रचना असे. विटांची जाडी दुपारचे ऊन आत पोहोचू देत नसे आणि रात्री ती उष्णता सावकाश सोडून देई.

मराठवाडा, सोलापूर आणि नगरच्या कोरड्या पट्ट्यात उतरत्या छपराची गरज नव्हती. तिथे माळवद झाले. खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचे, त्यावर काटक्या-पालापाचोळा, मग चिखल आणि सर्वांत वर चोपून बसवलेली पांढरी माती असे माळवदाचे थर असत. उजेड आणि धुरासाठी सवणे ठेवलेले असे. या मातीच्या थराखाली मे महिन्यातही घर थंड राही. मात्र पाऊस लागण्यापूर्वी दरवर्षी माळवदावर नवी माती टाकावी लागे आणि जुनी काढून टाकण्याचे कष्ट सगळेच घेत नसत. ही सवय पुढे फार महागात पडली.

खानदेश, विदर्भ आणि मराठवाड्यात गावच्या वतनदारांच्या गढ्या पांढऱ्या मातीत उभ्या राहिल्या. सामान्य घरे कच्च्या विटांची किंवा थरावर थर चढवलेल्या मातीची असत. माती भुशासह भिजवून, पायांनी तुडवून काही दिवस आंबवत, हात-दीड हात उंचीचा थर घालत आणि तो वाळल्यावरच पुढचा. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, खाली उतरलेले मोठे छप्पर आणि भोवती पडवी, ज्यामुळे भिंतीवर पावसाचा थेट मारा होत नसे. नळीच्या कौलांची जागा १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात मंगलोरी कौलांनी घेतली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढल्यानंतर समुद्रमार्गे ही कौले किनारपट्टीभर पसरली. परंपरेत बाहेरचे सोयीचे साहित्य सामावून घेण्याची ताकद होती, याचे हे एक उदाहरण.

सिमेंटचे आगमन

ब्रिटिश राजवटीच्या पहिल्या अनेक दशकांत चुना अबाधित राहिला. पुण्यात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यासाठी माणसे तयार करणारी अभियांत्रिकीची शाळा निघाली, आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे ते मूळ. १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण चुन्यातील दगडी बांधकामात उभे राहिले. १८७८ चा राजाबाई टॉवर आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेले व्हिक्टोरिया टर्मिनस याही चुन्यातील वास्तू. म्हणजे प्रचंड भार आणि पाण्याचा दाब यांसाठी आधुनिक अभियंत्यांनीही चुन्यावरच विश्वास टाकला होता.

इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलँड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले होते. भारतात त्याचे सलग उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झाले. १९३६ मध्ये दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी ही कंपनी स्थापन झाली. त्याच दशकात मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर सिमेंट-काँक्रीटच्या इमारतींची रांग उभी राहिली. सिमेंटचे फायदे खरे होते. चुन्याला पक्के व्हायला महिने लागतात, सिमेंटला दिवस पुरतात. ते पोत्यात बंद होऊन येते, त्याचा दर्जा कारखान्यात ठरतो, आणि सळईबरोबर ते उंच इमारती पेलते. वाढत्या शहरांना नेमके हेच हवे होते.

घसरण झाली ती सिमेंट सरसकट सर्वत्र लागू केल्याने. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमातून चुना हळूहळू एका प्रकरणापुरता उरला. जनगणनेने घरांची ‘कच्चे’ आणि ‘पक्के’ अशी वर्गवारी केली आणि मातीची भिंत कच्च्याच्या रकान्यात गेली. ज्या घरात चार पिढ्या नांदल्या ते घर कागदावर गरिबीची खूण ठरले. १९८९ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण पूर्णपणे उठल्यावर ते खेडोपाडी सहज मिळू लागले. महाराष्ट्रातील चुनखडक चंद्रपूर-यवतमाळकडे असल्याने मोठे सिमेंट कारखानेही तिकडेच उभे राहिले. घाण्या थांबल्या, भट्ट्या विझल्या आणि लोणाऱ्यांपासून गवंड्यांपर्यंतची साखळी एकाच पिढीत तुटली.

किल्लारीचा धडा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक झोपले होते. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली. मातीच्या घरांवरचा महाराष्ट्राचा विश्वास त्या पहाटे खचला. गावे सोडून जाणाऱ्यांना दगड-मातीच्या भिंतीची जी धास्ती बसली, ती पुरती रास्त होती आणि तिचा आदर केल्याशिवाय पुनरुज्जीवनाची कोणतीही चर्चा प्रामाणिक होऊ शकत नाही.

तज्ज्ञांच्या पाहणीत या हानीची कारणे पुढे आली. भिंती दोन ते तीन फूट जाड होत्या, पण त्या एकसंध नव्हत्या. बाहेरचा आणि आतला असे दोन पदर, मध्ये दगडगोट्यांचा भराव, आणि दोन्ही पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड जवळजवळ नाहीत. दगड गोल, चिखल सुकून भुसभुशीत झालेला. धक्का बसताच दोन पदर एकमेकांपासून सुटले आणि ढासळले. वर वर्षानुवर्षे चढत गेलेल्या मातीने माळवद भयंकर जड झाले होते. अनेक ठिकाणी लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला आणि भोवतालच्या भिंती कोसळल्या. म्हणजे संहारामागे मातीइतकीच, किंबहुना जास्त, बांधणीतील शिस्त सुटल्याची कारणे होती: आरपार दगड गेले, कोपरे नीट गुंफले गेले नाहीत, छपराचे ओझे उतरवले गेले नाही.

त्याच वर्षी, १९९३ मध्ये, भारतीय मानक संस्थेने मातीच्या घरांची आणि कमी ताकदीच्या दगडी-विटांच्या बांधकामाची भूकंपरोधकता वाढवण्याविषयी मार्गदर्शक मानके प्रसिद्ध केली. जोत्याला, दारे-खिडक्यांच्या वर आणि छपराखाली घराला वेढणारा अखंड पट्टा, कोपऱ्यांत बळकटी, ठराविक अंतरावर आरपार दगड, भिंतींच्या उंची-लांबीवर मर्यादा आणि हलके छप्पर हे त्यांचे सार आहे. २००१ च्या कच्छ भूकंपात ‘भुंगा’ म्हणून ओळखली जाणारी पारंपरिक गोल मातीची घरे बऱ्याच ठिकाणी टिकली. त्यांचा गोल आकार आणि हलके छप्पर कामी आले, आणि त्यानंतर कच्छमध्ये मातीचे सुधारित बांधकाम जोमाने पुढे गेले.

पुनरुज्जीवनाचे प्रवाह

स्थानिक साहित्याकडे परतण्याचा आधुनिक विचार महाराष्ट्रात वर्ध्याजवळ रुजला. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला राहायला गेले. तिथली आदी निवास आणि बापू कुटी ही घरे माती, बांबू, लाकूड आणि कौलांची आहेत. बापू कुटी मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधवून घेतली होती. या घरांच्या भिंती आणि जमिनी आजही ठरावीक काळाने सारवल्या जातात. १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी स्थापन केलेल्या वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने हाच धागा विज्ञानाला जोडला आणि सुधारित मातीची घरे व भाजक्या कौलांची कमानदार छपरे यांवर काम केले. मुंबईत गांधीजींची भेट झाल्यावर पुढे भारतात स्थायिक झालेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळमधून माती, वीट आणि चुन्याच्या काटकसरी घरांची परंपरा घडवली. महाराष्ट्रातील अनेक तरुण वास्तुविशारदांनी तिथूनच प्रेरणा घेतली.

दुसरा प्रवाह वारसा जतनाचा. १९९५ मध्ये मुंबईत वारसा इमारतींसाठी नियमावली लागू झाली आणि चुन्याची गरज नव्याने भासू लागली. जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की भिंतीतील ओल बाहेर पडू शकत नाही, क्षार आत साठतात आणि दगड-वीट भुगा होऊन गळू लागते, हे वारंवार दिसून आले. चुन्याचा गिलावा मात्र ओल बाहेर सोडतो आणि झिजला तर स्वतः झिजतो, भिंत वाचवतो.

गिलाव्याचे हे काम गोव्यातील बॉम जेझूस बॅसिलिकावर फार जवळून पाहता येते. १६०५ मध्ये अभिमंत्रित झालेल्या या चर्चच्या जांभ्याच्या भिंतींना मुळात चुन्याचा गिलावा होता. १९५० च्या दशकात पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार द कास्त्रो यांच्या देखरेखीखाली तो काढून टाकला गेला आणि दगड उघडा पडला. लालसर जांभ्याचे ते रूप लोकांच्या डोळ्यांत इतके भरले की तेच त्याचे मूळ रूप वाटू लागले. पण दरवर्षीचा पाऊस सच्छिद्र जांभ्यात शिरतो, चिरे झिजतात, भिंतींत ओल राहते. म्हणूनच चर्चला पुन्हा चुन्याचा गिलावा करावा, असा आग्रह जतन क्षेत्रातील जाणकार धरतात.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने १२ किल्ल्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. त्यांपैकी ११ महाराष्ट्रात आहेत, तर जिंजी तामिळनाडूत. या गडांचे तट-बुरूज दुरुस्त करायचे तर चुना, घाणी आणि ती चालवणारे हात लागणारच. जतनाच्या कामामुळे या ज्ञानाला पुन्हा रोजगार मिळू लागला आहे.

तिसरा प्रवाह हवामानाच्या चिंतेतून आला. सिमेंटचा क्लिंकर सुमारे १,४५० अंशांना भाजावा लागतो आणि जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. चुना तुलनेने कमी तापमानाला तयार होतो आणि आळताना हवेतील कार्बन डायऑक्साइडचा काही भाग परत शोषून घेतो. मातीला तर भाजावेच लागत नाही. दाबून केलेल्या मातीच्या विटा, ज्यांत ५ ते ८ टक्के सिमेंट किंवा चुना असतो, त्यांवर बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७० च्या दशकापासून आणि ऑरोव्हिलमध्ये १९८९ पासून मोठे काम झाले आहे. बांबूलाही २०१७ नंतर वाट मोकळी झाली. त्या वर्षी वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळला गेला आणि त्याची तोड व वाहतूक सोपी झाली. सिंधुदुर्गात होणारा भरीव माणगा बांबू, बोरॅक्स-बोरिक आम्लाची प्रक्रिया करून, महागलेल्या सागवानाला पर्याय ठरू शकतो.

पुढची अट

नैसर्गिक साहित्य म्हणजे आपोआप निर्दोष साहित्य नव्हे. चुन्याच्या जुन्या भट्ट्यांनी पुष्कळ जंगल जाळले. जांभ्याच्या बेसुमार खाणी आज कोकणातील डोंगरउतार आणि पाण्याचे झरे धोक्यात आणत आहेत. नदीतील वाळू आणि सुपीक मातीच्या विटा यांचीही तीच कथा आहे. म्हणून साहित्य किती आणि कुठून घेतले, हा प्रश्न ते कोणते आहे याइतकाच महत्त्वाचा. जुन्या घरांच्या पाडकामातून निघणारे दगड, लाकूड आणि विटा पुन्हा वापरणे हा त्यावरचा सर्वांत सरळ उपाय आहे आणि पांढरीच्या मातीने तो फार पूर्वी दाखवून दिला आहे.

जुन्या वास्तू केवळ साहित्याच्या गुणांमुळे टिकल्या नाहीत. भट्टी, घाणी आणि करणी यांची अखंड साखळी आणि दरवर्षीची सारवण-शाकारणी यांनी त्या टिकवल्या. काँक्रीटच्या भिंतीवर चुन्याचा रंग आणि कौलांचा देखावा चढवून ही परंपरा परत येत नाही. त्यासाठी दर्जाची खात्री असलेला विरवलेला चुना बाजारात सहज मिळायला हवा. गवंड्यांना चुन्याचे आणि मातीचे काम शिकवणारे, त्या कौशल्याला योग्य मजुरी देणारे प्रशिक्षण हवे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात भूकंपरोधक मातीकाम आणि चुनाकाम यांना पूर्ण जागा हवी आणि घरकुल योजनांच्या व कर्जाच्या नियमांत मानकांनुसार बांधलेल्या मातीच्या घराला ‘पक्के’ मानले जायला हवे. चार मजली इमारतीचा सांगाडा काँक्रीटचाच राहील. खेड्यातील घर, शाळा, दवाखाना आणि सर्व जुन्या वास्तूंची दुरुस्ती मात्र माती, चुना, जांभा आणि बांबूने उत्तम होऊ शकते. किल्लारीने शिकवलेली बांधणीची शिस्त आणि घाणीने जपलेली साहित्याची पारख एकाच भिंतीत आल्या, तर तीन हजार वर्षांची ही परंपरा महाराष्ट्राच्या चालू गरजा भागवण्यास समर्थ आहे.